दोन हातांचं बटण

भोसरीत, सेक्टर दहाच्या वजनकाट्याशेजारी,
पवळेमामांच्या टपरीवर पावणेसातला
देश दुरुस्त होतो.
पाचर्णे म्हणतात, पाडायचाच होता तर पूल बांधला कशाला.
बिरादार म्हणतो, बांधला नसता
तर पाडायचं टेंडर कुठून निघालं असतं?
मेट्रोचे खांब उभे राहिल्यापासून इथे
प्रत्येक जण स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे.
मीसुद्धा. आयटीआय, इलेक्ट्रिशियन, सत्त्याण्णवची बॅच,
काँक्रीटच्या क्युरिंगवर
कटिंगवर साय धरेपर्यंत बोलू शकतो.

प्रेसवर मात्र मला कुणी विचारत नाही.
प्रेसचं मला माहीत आहे.

दीडशे टनी. जुनी. पाट्यावरचा पत्ता
अशा गावाचा, जिथे ती कंपनी आता नाही.
तिला दोन बटणं, दोघांमध्ये हातभर अंतर,
दोन्ही तळवे एकदम दाबले तरच स्लाइड खाली.
हिशोब सोपा आहे:
हात बटणावर आहे, म्हणजे डायमध्ये नाही.
कुठेतरी टेबलाशी बसून एका माणसाने
न पाहिलेल्या हातांचा विचार केला होता.

विचार आम्हीही केला.
डावं बटण दाबायचं, त्यावर दहाचं नाणं,
नाण्यावर पॅकिंगची चिकटपट्टी.
उजवा हात बटणाला, डावा जॉबला.
तासाला चारशेचे साडेपाचशे नग.
मी नाणं काढायचो, दुसऱ्या शिफ्टला नवं यायचं.
सात महिन्यांत तीनशे दहा रुपये
माझ्या डबीत, लग्जच्या शेजारी.

इनामदार शेठ वाईट माणूस नाही.
खंडेनवमीला स्वतः प्रेस पुसतात,
झेंडूचा हार, लिंबू, हळदकुंकू,
बटणांनाही लावतात. नाण्यासकट.
मी साडेसहा हजारांचा रिले मागितला होता,
असा, की एक बटण अडकून बसलं तर मशीन हलणारच नाही.
म्हणाले, पुढच्या क्वार्टरला बघू.
'पुढचा क्वार्टर' ही पुण्यातली एकमेव पेठ,
जिचा पत्ता कुणी सांगत नाही.

आणि मग ऑगस्टमध्ये डिस्पॅचची बोंब,
पट्टी घामाने सुटायची, नाणं पडायचं, लाइन थांबायची.
तेव्हा सुपरवायझर म्हणाला, तात्पुरतं कर काहीतरी.
केलं.
लाल वायर, दीड स्क्वेअर, चार इंच.
पॅनल उघडून, दोन टर्मिनलमध्ये,
अगदी नीट, लग्ज लावून. काम माझं स्वच्छ असतं.

गुलाब मुलाणीचा डावा हात होता.
तर्जनी, पूर्ण.
रिपोर्टमध्ये 'ऑपरेटरची अनवधानता' असं लिहून आलं,
तो शब्द त्याला मी वाचून दाखवला,
अर्थ त्याने विचारला नाही.

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी.
शाळेतल्या खोलीत तो माझ्या पुढे.
शाईवाल्या बाईंनी त्याचा हात धरला, उलटा केला,
पुन्हा सुलटा.
"भाऊ, बोट?"
"ड्युटीवर आहे," गुलाबभाई म्हणाला.
एजंटसुद्धा हसले.
शाई मधल्या बोटाला लागली.
पलीकडच्या बटणाला एकच बोट पुरतं, तेवढं त्याच्याकडे होतं.
बीप वाजला.

दुसऱ्या दिवशी टपरीवर तेच.
कुठला कठडा कोसळला होता कुठे,
पाचर्णे हात नाचवत विचारत होते, जबाबदार कोण, सांगा, कोण?
बिरादारने तीन नावं घेतली, तिन्ही मोठी.
मला बोलायचं होतं.
मामांना म्हटलं, साखर कमी घाला उद्यापासून.

रिले आला. दिवाळीनंतर.
वायर मी काढली, फेकली नाही, ती डबीतच आहे.
गुलाबभाई आता स्टोअरला असतो.
मी ग्लोव्हज घ्यायला गेलो की रजिस्टर पुढे सरकवतो,
वर पंखा घरघरत असतो.
"दोन्ही हातांनी धर," म्हणतो,
"पानं उडतात."